रात्री दहाला छत गरम का? सोलापूरच्या घरात उष्णता शिरते कुठून आणि अडवायची कुठे

मे महिन्यात, वरच्या मजल्यावर राहत असाल तर, रात्री दहाच्या सुमाराला स्टुलावर चढा आणि छताला तळहात लावून बघा. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरी मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा छत ताप आलेल्या पोराच्या कपाळाहून गरम लागलं. सूर्य मावळून तीन तास झाले होते. बाहेर वारा सुटला होता, गल्लीत लोक खुर्च्या टाकून बसले होते, आणि आमच्या खोलीत मात्र पंख्याखालीही घाम थांबत नव्हता.

मग स्टूल सरकवत सरकवत मी खोलीभर छत चाचपलं. एका कोपऱ्यात हात थबकला. तिथे छत चक्क गार होतं, हात ठेवून बरं वाटावं इतकं. तीन-चार फुटांचा तेवढाच एक तुकडा. सकाळी गच्चीवर जाऊन पाहिलं तर त्या कोपऱ्याच्या बरोबर वर पाण्याची टाकी होती, विटांच्या ओट्यावर ठेवलेली. स्लॅब तोच, सिमेंट तेच, गवंडी तोच. फरक एवढाच, की त्या तुकड्यावर दिवसभरात ऊन पडतच नव्हतं.

उन्हाळा लागला की रोज सकाळी पेपरात पारा ४१, ४२, ४३ असा वाचायला मिळतो आणि आपण म्हणतो, हवाच एवढी गरम, घर काय करणार? पण तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. वेधशाळेचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो, मुद्दाम उन्हापासून लपवून. आपली गच्ची मात्र त्याच वेळी थेट उन्हात पडलेली असते, आणि दुपारी तिचा पृष्ठभाग ६० अंशांच्या घरात सहज जातो. घर तापतं ते आधी या ६० मुळे. पेपरातल्या ४२ चा नंबर नंतर लागतो.

## चूल, तवा आणि भाकरी

उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, आणि जायच्या वाटा तीनच आहेत. शाळेत आपण त्यांची नावं पाठ केली होती: वहन, अभिसरण, प्रारण. नावं विसरलात तरी चालेल, भाकरी करताना तिन्ही एकदम दिसतात.

तव्याच्या कडेला बोट लागलं की चटका बसतो. ज्योत खाली असते, पण लोखंडातून उष्णता कडेपर्यंत पोचलेली असते. हे वहन. चुलीवरचा धूर आणि गरम हवा सरळ वर आढ्याकडे जाते, हे अभिसरण. आणि चुलीपासून दोन हात लांब बसलं तरी तोंडावर झळ लागते. मध्ये हात आडवा धरला की झळ लगेच थांबते. हे प्रारण. त्याला ना हवा लागते ना स्पर्श. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती अशीच.

गच्चीचा प्रवास आता जोडून बघा. ऊन प्रारणाने गच्चीवर येतं. तिथून वहनाने स्लॅबच्या जाडीतून खाली उतरतं. आणि छताच्या खालच्या अंगाने पुन्हा प्रारण होऊन पलंगावर, फरशीवर, आपल्या अंगावर पडतं. म्हणून वरच्या मजल्यावर झोपलं की झळ वरून लागते. आपल्याला किती उकडतं हे नुसत्या हवेवर ठरत नाही. हवेचं तापमान आणि भोवतालच्या भिंती-छतांचं तापमान, दोघांचा साधारण निम्मा-निम्मा वाटा असतो. खोलीतल्या तापमापकाने ३३ अंश दाखवले तरी जीव घाबरा होतो, तो यामुळेच.

## स्लॅब म्हणजे गॅस बंद केलेला तवा

शेवटची भाकरी टाकली की कितीतरी बायका गॅस बंद करतात. तव्यात मुरलेल्या उष्णतेवरच ती भाजून निघते. आपला स्लॅब रात्री नेमकं हेच करतो, आणि भाकरीच्या जागी आपण असतो.

थोडा हिशोब करू. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर छत. भर दुपारी उघड्या गच्चीवर दर चौरस मीटरला साधारण १,००० वॉट ऊन पडतं. म्हणजे एका खोलीच्या डोक्यावर एक-एक हजार वॉटच्या ११ शेगड्या पेटल्यात असं समजा. यातलं काही परावर्तित होतं, काही वाऱ्याने जातं, पण बराच भाग काँक्रीट पिऊन घेतं. ५ इंच जाडीचा तेवढा स्लॅब सुमारे ३,४०० किलो वजनाचा असतो. तो नुसता १५ अंशांनी तापला तरी त्यात साधारण १२ युनिट उष्णता साठते. युनिट म्हणजे वीजबिलातलंच. हजार वॉटची शेगडी १२ तास चालू ठेवली तर जेवढी उष्णता निघेल, तेवढी संध्याकाळी तुमच्या डोक्यावर जमा असते.

ही उष्णता वरच्या अंगाने आकाशाकडे जाते आणि खालच्या अंगाने खोलीत उतरते. शिवाय काँक्रीटमधून खाली यायला तिला काही तास लागतात. दुपारी एकचं ऊन छताच्या खालच्या बाजूला पोचतं ते चार-पाचला, आणि ओसरता ओसरता मध्यरात्र होते. 'दिवसा बरं असतं, रात्रीच जास्त उकडतं' ही तक्रार म्हणूनच शंभर टक्के खरी आहे.

## पत्र्याच्या घराचा हिशोब उलटा

आपल्या शहरात हजारो कुटुंबं पत्र्याखाली राहतात, आणि यंत्रमागाची कितीतरी शेड पत्र्याचीच आहेत. पत्रा पातळ असतो, त्यात साठायला जागाच नाही. सकाळी नऊला ऊन पडलं की थोड्याच वेळात तो तापतो आणि संध्याकाळी तितक्याच लवकर निवतो. त्यामुळे पत्र्याखाली दुपार जीवघेणी असते आणि रात्र त्या मानाने सुसह्य. दुपारी विडी वळायला बसलेल्या बाईच्या डोक्यावर चार-पाच फुटांवर ६० अंशांचा पत्रा झळ फेकत असतो, आणि तिचं काम दुपारी थांबवता येण्यासारखं नसतं. शहराच्या उन्हाळ्याबद्दल बोलताना ही बाई सगळ्यात आधी डोळ्यांपुढे यावी असं मला मनापासून वाटतं, कारण गच्चीवर झोपायला जायची सोयसुद्धा तिच्याकडे नाही.

पत्र्याला साठवणुकीचा प्रश्न नसल्याने त्याचे उपाय सोपे आहेत. वरून पांढरा रंग द्यायचा, आणि खाली हातभर अंतर सोडून कशाचं तरी छत ताणायचं, म्हणजे पत्रा थेट अंगाला 'दिसणार' नाही. पत्रा आणि ते छत यांच्या मधली तापलेली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना फट ठेवायची. एक काळजी मात्र घ्याच. उघडा थर्माकोल किंवा कडबा, पाचट स्वयंपाकाच्या ठिणगीजवळ कधीही लावू नका. थर्माकोल भसकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

## सूर्य कोणत्या बाजूने मारतो?

घर बांधताना बहुतेक जण दक्षिणेच्या भिंतीला घाबरतात. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. ती तापते डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा ते हवंच असतं.

मे महिन्यात सगळ्यात जास्त ऊन खातं ते छत. त्याखालोखाल पश्चिमेची भिंत, कारण तीन ते साडेसहा सूर्य तिच्यावर समोरून पडतो आणि तोवर हवाही तापलेली असते. पूर्वेची भिंतही तितकंच ऊन खाते, पण सकाळच्या गार हवेत, म्हणून ते जाणवत नाही. तेव्हा खर्च करायचा तर आधी छतावर, मग पश्चिमेवर. बाकीच्या भिंती थांबू शकतात.

## इन्सुलेशन म्हणजे चादर, आणि चादर ऊब तयार करत नाही

इन्सुलेशन म्हणजे उष्णतेची वाट अडवणारा थर, एवढाच अर्थ. आपण चादरींच्या गावचे, पण चादरीबद्दल एक गैरसमज आपल्याकडेही आहे. चादर गरम असते असं आपण म्हणतो. ती गरम नसते. अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. बर्फवाला बर्फाची लादी भुशात पुरून वर गोणपाट टाकतो. चादरीने ऊब येत असती तर लादी लवकर वितळली असती. ती टिकते, कारण तोच थर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. भुशात आणि चादरीत खरं काम करते ती त्यात अडकून पडलेली स्थिर हवा.

दगड, काँक्रीट, विटा जाड असल्या की घर थंड राहतं असं आपण धरून चालतो. पण थर्माकोलसारखा हवेने भरलेला इंचभर थर जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट सुमारे ४० इंच, म्हणजे सव्वातीन फूट जाड लागेल. स्लॅब ५ इंचाचा ६ इंच केल्याने काय होणार ते यावरून समजावं.

मग आजीच्या वाड्यातलं माळवद थंड कसं राहायचं? तिथे तुळया, त्यावर लाकूड, त्यावर पाल्याचा थर आणि वर गावच्या पांढरीची हातभर माती असायची. माती काँक्रीटपेक्षा कमी उष्णता पुढे जाऊ देते, लाकूड त्याहून कमी, आणि एवढ्या जाडीतून उतरता उतरता उन्हाची रात्र होऊन जायची. वर पृष्ठभागही फिकट. आजच्या ५ इंची करड्या स्लॅबमध्ये यातलं एकही नाही. माळवद दरवर्षी लिंपावं लागायचं, पावसात गळायचं, त्यामुळे परत तिकडे चला असं मी म्हणणार नाही. पण स्लॅब घेताना त्यातलं 'थर' हे तत्त्व आपण टाकून दिलं, ते परत आणता येतं.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली. छतातून उष्णता किती वेगाने आत येते त्याचं एक मोजमाप तिच्यात आहे, त्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका लहान तितकं छत चांगलं. संहितेने छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा सांगितली आहे. आपल्या साध्या स्लॅबचा आकडा साडेतीनच्या आसपास येतो. वर इंचभर चांगलं इन्सुलेशन घातलं की तो १ च्या जवळ उतरतो. म्हणजे मर्यादा काही आकाशातली नाही, इंचभरावर आहे.

## थर वर की खाली?

वर. आधी वरचा विचार करा. थर गच्चीवर असेल तर स्लॅब मुळात तापतच नाही. उलट त्याचं ते तीन-साडेतीन टन वजन आपल्या कामी येतं: रात्री खिडक्या उघडल्या की तो गार होतो आणि दिवसभर खोलीतली उष्णता शोषत राहतो, माठासारखा. शिवाय रोज तापून-निवून स्लॅबला पडणाऱ्या बारीक भेगाही कमी होतात, म्हणजे गळतीही कमी.

'आम्ही तर पीओपीचं फॉल सिलिंग केलं, पुष्कळ पैसे घातले, तरी उकडतं,' असं आमच्या शेजारच्या काकू सांगतात. त्यांचं काही चुकलेलं नाही, त्यांना सांगितलंच अर्धवट गेलं. पीओपी स्वतः फारसं इन्सुलेशन करत नाही. मधल्या हवेच्या पोकळीमुळे झळ थोडी कमी होते, पण वरचा तवा तापलेलाच राहतो आणि हळूहळू पीओपीही तापतं. त्या पोकळीत रॉकवूलसारखा, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीसारखा, न पेटणारा थर घातला असता तर फरक पडला असता. भाड्याच्या किंवा सामायिक मालकीच्या घरात, जिथे गच्ची आपली नाही, तिथे तोच पर्याय उरतो.

गच्चीवर थर घालायचा तर थर्माकोलचे मऊ पांढरे तक्ते चालत नाहीत. दाट, पाणी न पिणारे फोमचे बोर्ड येतात, बाजारात त्यांना एक्सपीएस म्हणतात. आधी वॉटरप्रूफिंग, मग बोर्ड, मग वर कोबा किंवा फरशी. पाण्याची काळजी इतकी का, तर स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता वीस पटींहून जास्त वेगाने जाते. भिजलेलं इन्सुलेशन म्हणजे ओली चादर. आणि वजन वाढणार असेल तर आधी इंजिनिअरला विचारा, विशेषतः जुन्या इमारतीत.

## 'नुसता चुना मारून काय होणार?'

खूप होतं. जुनं करडं सिमेंट उन्हातलं साधारण ३० टक्के परत फेकतं आणि ७० टक्के पितं. ताजा पांढरा थर ७० ते ८० टक्के परत फेकतो. म्हणजे पिणं तिसऱ्या हिश्श्यावर येतं, तेही सगळ्यात कमी पैशांत. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंब बागायतदारांना हे नवीन नाही. फळ उन्हाने करपू नये म्हणून केओलिन ही पांढरी माती ते फवारतात. डाळिंबाला जे कळतं ते गच्चीलाही लागू आहे. शेजारच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांची सोयरीक तिकडे आहे, पाहुण्यांकडे गेलात की मुद्दाम बघून या.

कळीचा चुना आदल्या रात्री मोठ्या पिंपात भिजवायचा. भिजताना तो खदखदतो, पोरांना लांब ठेवा. सकाळी फडक्याने गाळून त्यात डिंक किंवा फेविकॉल मिसळायचं, गच्ची घासून धुवायची आणि उन्हं चढायच्या आत दोन हात द्यायचे. डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा घालाच. कोरड्या पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात, तेव्हाही तो लागतो.

'धुळीने काळी पडते' हा आक्षेप बरोबर आहे. सोलापूरची धूळ थर बसवतेच. पण मळलेली पांढरी गच्चीसुद्धा करड्यापेक्षा बरीच जास्त ऊन परतवते, आणि एक पाणी मारून झाडलं की पुन्हा उजळते. चुना पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात जातो, तो दर मार्चला द्यायचा. दरवर्षी कटकट नको असेल तर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा छतासाठीचा खास रंग आहे. 'थंडीत गारठा वाढेल' म्हणाल तर आपला हिवाळा चार-सहा आठवड्यांचा, तेवढ्यासाठी गोधडी पुरते.

सावली हा चुन्याचा सख्खा भाऊ, आमच्या टाकीखालचा तुकडा त्याचाच पुरावा. पाइप उभारून दोन-तीन फुटांवर शेडनेट ताणली, दोडक्याचा वेल चढवला, किंवा प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून सोलर पॅनेल बसवली, तरी खालचा स्लॅब सावलीत येतो. पॅनेलचा हा फायदा वीजबिलात लिहिलेला नसतो, म्हणून कुणी मोजत नाही.

## 'पाणी मारतो आम्ही रोज'

पाणी काम करतं ते वाफ होताना. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. वरचे १२ युनिट काढायला हिशोबाने १८ लिटर पुरावेत. पण पाइपने मारलेलं बहुतेक पाणी पन्हाळातून खाली जातं, वाफ होतच नाही. जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे हे परवडणारं नाही. मारायचंच तर ऊन उतरल्यावर गोणपाट अंथरून दोन बादल्या त्यावर शिंपडा, गोणपाट पाणी धरून ठेवतं आणि ते हळूहळू उडतं.

कूलरचंही तेच शास्त्र. म्हणून कूलर चालू असताना समोरची एक खिडकी उघडी लागते, नाहीतर दमट हवा आतच कोंडते. जूनमध्ये ढग आले की कूलर 'बिघडतो' असं वाटतं, खरं तर तेव्हा हवेला आणखी पाणी घ्यायची जागा उरलेली नसते.

## 'एसी आहे की'

एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. छत ४२ अंशांवर आणि खोली २७ वर असेल तर १० बाय १२ च्या छतातून सुमारे एक किलोवॉट उष्णता सतत आत येत राहते. एसीच्या ताकदीचा तिसरा-चौथा हिस्सा नुसता त्या तव्याशी भांडण्यात जातो, रोज, बिल भरून. एसी घेऊ नका असं मी म्हणत नाही, घरात म्हातारी माणसं असतील तर जरूर घ्या. पण एसीच्या आधी गच्चीवर चुना द्या, कदाचित दीड टनाऐवजी एक टन पुरेल.

## खिडक्या कधी उघडायच्या?

'दिवसभर खिडक्या उघड्या ठेवतो, हवा खेळती हवी,' हे ऐकलं की मला थांबवून सांगावंसं वाटतं. दुपारी बाहेर ४२ आणि आत ३४ असताना उघडी खिडकी म्हणजे उष्णतेला आमंत्रण. सकाळी आठ-नऊला खिडक्या बंद करा, रात्री बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या सताड उघडा. एक टेबल फॅन खिडकीत बाहेर तोंड करून लावला तर आतली गरम हवा बाहेर जाते आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप येते. पत्र्याचं घर मात्र याला अपवाद: ते दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त तापतं, तिथे हवा जायला वाट हवीच.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावू नका, बाहेरून लावा. ऊन काचेतून आत आलं की ते घरात आलं, मग पडदा तापतो आणि खोली तापवतो. बाहेर बांबूची चिक किंवा जुनी सोलापुरी चादर टांगली, तर ती तापली तरी तिची उष्णता बाहेरचा वारा नेतो.

भाड्याने राहत असाल आणि गच्चीला हात लावायचा म्हणजे घरमालकाची परवानगी हवी असेल, तर पूर्ण गच्ची मागू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांना विचारून एका खोलीवरची निम्मी गच्ची तेवढी चुन्याने रंगवा, चुना स्वस्त आहे. मग एप्रिलमधल्या एखाद्या रात्री दहाला त्यांना चहाला बोलवा, स्टूल द्या आणि छताला दोन्हीकडे हात लावायला सांगा.